अमेरिकेत कॉलेज टेनिस: "बाकीचा खर्च एनआयएलमधून निघतो" हे कितपत खरं?

कोथरूडची आई

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मुलगा बारावीला आहे. लहानपणापासून टेनिस. एआयटीएच्या (देशाच्या टेनिस संघटनेच्या) अठरा वर्षांखालच्या यादीत बऱ्यापैकी वर नाव, आयटीएफ ज्युनियरच्या काही स्पर्धा खेळलाय, यूटीआर (टेनिसचं रेटिंग, जेवढं जास्त तेवढा खेळाडू सरस) ११ च्या आसपास. अमेरिकेत कॉलेजकडून खेळायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलंय आणि सध्या घरात दुसरा विषय नाही. एका एजंटमार्फत तिथल्या एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांतला सर्वांत वरचा गट) कॉलेजच्या कोचशी व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. निम्मी फी माफ करायला ते तयार आहेत. तरी वर्षाला साधारण २५ हजार डॉलर आमच्या डोक्यावर. आम्ही दोघंही नोकरदार. एवढं कर्ज काढायचं म्हणजे राहता फ्लॅट गहाण ठेवावा लागणार.

एजंट म्हणतो, "मॅडम, तिकडचे नियम आता बदललेत. खेळाडूंना कॉलेजच पैसे देतं, वर जाहिराती असतात. इन्स्टाग्रामवर दहा हजार फॉलोअर करून ठेवा, बाकीचा खर्च एनआयएलमधून, म्हणजे स्वतःचं नाव-चेहरा वापरू देऊन मिळणाऱ्या पैशातून, आरामात निघतो." सोबत व्हिडिओ पाठवलेत, कॉलेजात शिकणाऱ्या मुली लाखो डॉलर कमावतायत वगैरे. आमच्या ह्यांना ते पटलंय. मुलाने तर नवीन अकाउंट उघडून सर्व्हिसचे स्लो मोशन व्हिडिओ टाकायला सुरुवातही केली. माझ्याच गळी उतरत नाहीये.

हा पैसा नक्की देतं कोण? टेनिसवाल्या पोरापर्यंत तो पोचतो का? आणि विद्यार्थी व्हिसावर असं कमावलेलं चालतं का? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

खासबाग

ताई, एजंटला एवढंच सांगा: "निघतो म्हणता ना, मग तुमच्या करारात लिहून द्या." फोन कट होतो की नाही बघा.

आपल्याकडे पोरगं चमकलं तर रेल्वेत नाहीतर पोलिसात चिकटतं. आमच्या कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला ऑलिम्पिक पदक जिंकला तेव्हा मध्य रेल्वेत टीसी होता. खेलो इंडियात निवड झाली तर महिना दहा हजार हातखर्च. कमी आहे, मान्य, पण कागदावर आहे. इन्स्टाग्रामच्या भरवशावर फ्लॅट गहाण टाकू नका.

कोलंबसचा सीपीए

ताई, तुमच्या प्रश्नातला पैशाचा भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी कोलंबस, ओहायो इथे सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखा) आहे. ओहायो स्टेट विद्यापीठ ऑफिसपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. अमेरिकन फुटबॉलच्या शनिवारी स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात आणि त्या दिवशी इकडे कुणी भाजी आणायलाही गाडी काढत नाही. २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू टॅक्स भरायला माझ्याकडे येऊ लागले. एप्रिलमध्ये सहा फूट पाच इंचांचं पोरगं समोरच्या खुर्चीत कसंबसं मावून फोनवर पैसे आल्याचे स्क्रीनशॉट दाखवत असतं, आणि विचारतं, "ह्याच्यावरही टॅक्स लागतो?" लागतो बाबा. मोटारीच्या शोरूमने फुकट वापरायला दिलेल्या पिकअपवरही लागतो, आणि प्रोटीन बारची खोकी आली असतील तर त्यांची बाजारभावाने किंमत उत्पन्नात धरावी लागते.

आता हे सुरू कसं झालं ते. कॉलेजचे खेळ चालवणारी एनसीएए ही संघटना जवळजवळ शतकभर एकाच गोष्टीवर अडून होती: खेळाडू हौशी आहे, त्याला फी, राहणं, जेवण, पुस्तकं यापलीकडे दमडी मिळायची नाही. नियम इतके कीस काढणारे की खेळाडूला मधल्या वेळी बेगल दिला तर चालायचा, पण त्यावर क्रीम चीज लावलं की ते 'जेवण' ठरून नियमभंग व्हायचा. विनोद नाही, खरंच. २०१४ मध्ये कनेटिकट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर राष्ट्रीय विजेतेपद जिंकताना पत्रकारांना म्हणाला की कधी कधी रात्री उपाशी झोपावं लागतं. त्यानंतर काही दिवसांतच जेवणावरची बंधनं उठली. आणि याच धंद्यात २०२३ साली टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर या फुटबॉल कोचला मुदतीआधी काढलं, तर करारानुसार त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. काम न करण्याचे! पोराला क्रीम चीज नाही, कोचला घरी बसायचे कोट्यवधी. हे कोर्टात टिकणार नव्हतंच.

तसं ते टिकलंही नाही. यूसीएलए विद्यापीठाचा जुना बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याला व्हिडिओ गेममध्ये स्वतःच दिसला. तोच चेहरा, तोच डावखुरा खेळ, तोच जर्सी नंबर, आणि त्याला एक सेंटही नाही. २००९ मध्ये त्याने दावा ठोकला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमावण्यापासून कॉलेज रोखू शकणार नाही. जून २०२१ मध्ये अॅल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. तो फक्त शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, पण संघटनेची रग जिरली. १ जुलै २०२१ पासून नाव-चेहरा-ओळख विकायची मुभा मिळाली. तेच तुमच्या एजंटचं एनआयएल. पहिल्याच दिवशी फ्रेस्नो स्टेटच्या कॅव्हिंडर जुळ्या बहिणींनी एका मोबाइल कंपनीशी करार केला. बास्केटबॉलपटू, पण मुख्य भांडवल टिकटॉकवरचे लाखो चाहते. तुम्हाला आलेल्या व्हिडिओंत बहुधा लुइझियाना स्टेटची जिम्नॅस्ट ऑलिव्हिया डन असेल. तिचाही मामला तोच. अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांचे फॉलोअर दहा हजार नसतात.

बाकी जो मोठा पैसा बातम्यांत दिसतो तो जाहिरातींचा नावापुरताच. श्रीमंत माजी विद्यार्थी वर्गणी काढून 'कलेक्टिव्ह' नावाची संस्था उभी करतात, ती संघातल्या पोरांना एनआयएलच्या नावाखाली पैसे देते, आणि बदल्यात पोरगं एखाद्या कार्यक्रमात येऊन सह्या करतं. सरळ सांगायचं तर चांगला क्वार्टरबॅक (फुटबॉल संघातला मुख्य खेळाडू) आपल्याच कॉलेजात यावा आणि टिकावा याची ती किंमत. इथल्या ओहायो स्टेटच्या २०२४ च्या विजेत्या फुटबॉल संघावर असे सुमारे २ कोटी डॉलर गेले, हे अॅथलेटिक डायरेक्टरनेच जाहीरपणे सांगितलं होतं.

यापुढची पायरी म्हणजे कॉलेजने स्वतः पैसे देणं. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजुरी दिली. (खटला अॅरिझोना स्टेटच्या ग्रँट हाउस या जलतरणपटूच्या नावाने, आणि नव्या पैशात पोहण्याच्या वाट्याला जवळपास काही नाही. नशीब म्हणतात ते हे.) जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर, आणि १ जुलै २०२५ पासून प्रत्येक कॉलेजला आपल्या खेळाडूंमध्ये पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटायची परवानगी. परवानगी, सक्ती नाही. तुमचा एजंट 'कॉलेजच पैसे देतं' म्हणतो ते यावरून.

आता टेनिसकडे. बऱ्याच मोठ्या कॉलेजांनी वाटणी ढोबळमानाने अशी ठेवलीय: पाऊण हिस्सा फुटबॉलला, १५ टक्के मुलांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के मुलींच्या बास्केटबॉलला, आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळ्या खेळांना मिळून. ओहायो स्टेट हे देशातल्या सर्वांत गब्बर क्रीडा विभागांपैकी एक, टेनिसचा संघही तगडा. त्यांनीसुद्धा पहिल्या वर्षी वाटणीत धरले ते फुटबॉल, दोन्ही बास्केटबॉल आणि मुलींचा व्हॉलीबॉल. टेनिस नाहीच. तुम्ही म्हणताय ते मध्यम कॉलेज असेल तर तिथे वाटायला पैसाच नसतो. उलट हा नवा खर्च भागवायला २०२५ मध्ये काही कॉलेजांनी टेनिसचे संघच गुंडाळले. तेव्हा कोचला पगाराबद्दल विचारण्याआधी 'तुमचा संघ पुढची चार वर्षं आहे ना?' हे विचारा. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये.

सगळ्यात महत्त्वाचं, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा. तुमच्या एजंटने हे सांगितलं नसेल तर त्याला एकतर माहीत नाही किंवा तो तुम्हाला बनवतोय. एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम चालतं. परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर कमावलं तर व्हिसाची स्थिती धोक्यात. पैसे घेऊन इन्स्टाग्राम पोस्ट करणं, दुकानात जाऊन सह्या देणं, मुलांना पैसे घेऊन शिकवणं, हे सगळं काम धरलं जाऊ शकतं. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक ईडी, सात फूट चार इंच, लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू. पण कॅनडाचा, विद्यार्थी व्हिसावर. सोबतचे अमेरिकन खेळाडू जाहिराती करत होते आणि याला इथे हात बांधून बसावं लागलं. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे मूळ काँगोचा. त्याच्या लोकांनी २०२२ मध्ये संघ बहामाला खेळायला गेला तेव्हा तिथल्या जमिनीवर त्याच्या जाहिरातींचं काम उरकलं, कारण ते अमेरिकेबाहेर होतं. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला ही कसरत करावी लागते. बारावीच्या पोराने त्या वाटेला जाऊच नये.

जाता जाता टॅक्सची एक गोष्ट, जी पुण्यातून येणाऱ्या पालकांना कुणी सांगत नाही. फी आणि सक्तीची पुस्तकं यासाठीची स्कॉलरशिप करमुक्त. पण राहण्या-जेवणासाठी मिळालेली रक्कम उत्पन्न धरतात, आणि एफ-१ वाल्याचा त्यातून साधारणपणे १४ टक्के टॅक्स आधीच कापून घेतात. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, त्यामुळे बऱ्याचदा तो परत येतो, पण १०४०-एनआर रिटर्न भरलं तरच. म्हणून निम्मी माफी ते फीमध्ये धरतायत की हॉस्टेलमध्ये, हे आधी विचारून घ्या.

कोथरूडची आई

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. यांना वाचून दाखवलं. आता 'एजंटशी बोलून बघू' इथपर्यंत गाडी आलीय.

दोन शंका. कॉलेजने स्वतःहून वाटा दिला तर तो कॅम्पसवरचं काम धरून घेता येईल ना? आणि एजंटच्या कराराचा मसुदा आलाय. त्यात आमच्याकडून ठरलेली फी आहेच, शिवाय एक कलम असं की 'खेळाडूच्या क्रीडाविषयक सर्व उत्पन्नाच्या १५ टक्के, पदवीनंतर पाच वर्षांपर्यंत'. हे सर्रास असतं का?

बॅकहँड नाशिक

काकू, मी कॅन्ससमधल्या एका एनएआयए (एनसीएएहून वेगळी, मुख्यतः छोट्या कॉलेजांची संघटना) कॉलेजकडून चार वर्षं खेळले, आता शिकागोत नोकरी करते. ते कलम वाचून अंगावर काटा आला. सही करू नका!!

माझं कसं होतं ते सांगते. टेनिसची स्कॉलरशिप फीच्या जेमतेम एक तृतीयांश. खरा आधार मिळाला मार्कांवरच्या मेरिट स्कॉलरशिपचा, आणि ती मी स्वतः अॅडमिशन ऑफिसला मेल करून मागितली होती. कोच त्याबद्दल आपणहून बोलत नाहीत, कारण ते पैसे त्यांच्या हातात नसतात. त्यामुळे मुलाला सांगा की बारावीच्या मार्कांकडे आणि एसएटी या प्रवेश परीक्षेकडे लक्ष दे, सर्व्हिसचे व्हिडिओ नंतर. डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळाची स्कॉलरशिप नसतेच, तरी मेरिट आणि गरजेनुसार मिळणाऱ्या मदतीवर काही ठिकाणी एकूण खर्च डिव्हिजन वनपेक्षा कमी पडतो. 'डिव्हिजन वन' ऐकायला भारी वाटतं, नातेवाइकांना सांगायलाही. पण तिथे पाच-सहा नंबरवर खेळायला मिळणार की चार वर्षं बाकावर बसणार, हे यूटीआरच्या साइटवर त्या संघातल्या मुलांचे आकडे बघून तुम्हाला घरबसल्या कळेल. लगेच बघा.

रोख सोडून मिळतं काय? रॅकेटला तारांची रोलं, ग्रिप, दोन जोड बूट, कपडे, फिजिओ, हिवाळ्यात इनडोअर कोर्ट, बाहेरगावी सामने असले की जेवण आणि मोटेल. आम्ही कॉलेजच्या व्हॅनने सात-सात तास जायचो, कोच स्वतः चालवायचे, मागच्या सीटवर आम्ही होमवर्क करायचो. नाशिकला असताना फक्त तारांवर बाबांचा महिन्याला किती खर्च व्हायचा ते आठवलं की हे काही कमी वाटत नाही. हातखर्चासाठी मी कॉलेजच्या जिममध्ये काउंटरवर बसायचे, कार्ड स्कॅन करायचं आणि टॉवेल द्यायचे. एफ-१ वर हे चालतं. त्यात फोन, किराणा, अधूनमधून मैत्रिणींबरोबर पिझ्झा एवढं सुटायचं. फी त्यातून निघत नाही.

आणि हो, आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळली, नंतर हांगचौ एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. ती कॉलेजात होती तेव्हा एनआयएल हा प्रकारच नव्हता. कॉलेज टेनिस वाईट आहे असं मुळीच म्हणत नाहीये, उलट मला त्यातून पदवी आणि नोकरी दोन्ही मिळालं. पण त्याचा हिशेब एनआयएल शून्य धरूनच करा.

कोलंबसचा सीपीए

नाशिककर ताईंनी लिहिलेल्या मेरिटच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा.

कॉलेजने दिलेल्या वाट्याबद्दल: तो एफ-१ ला चालतो की नाही यावर सरकारने स्पष्ट नियम काढलेला नाही, त्यामुळे प्रत्येक विद्यापीठाचे वकील आपापल्या बुद्धीने चालतात. तुमच्या बाबतीत तो प्रश्न बहुधा उद्भवणारच नाही, पण उद्या कुणी काही देऊ केलंच तर पैसे घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला (व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) ईमेल करायचा आणि उत्तर ईमेलवरच घ्यायचं. कोचच्या तोंडी 'काही होत नाही' ला इमिग्रेशनपुढे किंमत नाही. एक गोष्ट मात्र कोचला जरूर विचारा. अॅल्स्टन निकालानंतर कॉलेज अभ्यासातल्या कामगिरीसाठी खेळाडूला वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत देऊ शकतं. देणारी कॉलेजं मुख्यतः मोठी, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

एजंटचं कलम. फ्लोरिडाचा गर्व्हॉन डेक्स्टर हा फुटबॉलपटू आहे. २०२२ मध्ये कॉलेजात असताना त्याने एका गुंतवणूक कंपनीकडून ४ लाख ३६ हजार डॉलर घेतले आणि त्या बदल्यात एनएफएलमधल्या (व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या) कमाईचे १५ टक्के २५ वर्षांसाठी लिहून दिले. पुढे तो करार रद्द व्हावा म्हणून त्याला कोर्टात जावं लागलं. त्याला निदान आधी रोख रक्कम मिळाली होती. तुमचा एजंट तुमच्याचकडून फी घेऊन वर १५ टक्के मागतोय, आणि 'क्रीडाविषयक सर्व उत्पन्न' यात उद्या मुलगा पुण्यात कोचिंग करायला लागला तर तेही येतं. शिवाय खेळाडूच्या पुढच्या कमाईवर टक्केवारी लावणारा एजंट नेमणं हे एनसीएएच्या पात्रतेच्या नियमांतही अडचणीचं ठरू शकतं. प्रवेशाच्या मदतीची एकरकमी फी ठीक, टक्केवारी अजिबात नको. सही करण्याआधी वकिलाला दाखवा, हजार-दोन हजार रुपयांकडे बघू नका.

खासबाग

बघा, मी म्हटलं नव्हतं? पैलवान आखाड्यात उतरायच्या आधीच वस्ताद बक्षिसातला वाटा मागतोय.

कोथरूडची आई

ते कलम काढा म्हणून काल एजंटला कळवलं. आधी म्हणाला "स्टँडर्ड फॉरमॅट आहे मॅडम", मग अर्ध्या तासात १० टक्क्यांवर आला. आम्ही नको म्हटलं. आता कोचशी मुलगा स्वतःच मेलवर बोलतोय. संघ बंद होण्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की पुढच्या वर्षाची खात्री देतो, चार वर्षांची नाही. निम्मी माफी सगळी फीमध्येच धरलेली आहे, हॉस्टेलचा खर्च आमचा. संघातल्या मुलांचे यूटीआर पाहिले. सगळे बाराच्या वर, एकच अकरा पॉइंट आठ.

त्यामुळे आता एनएआयए आणि डिव्हिजन थ्रीची यादी काढायला घेतलीय. बॅकहँड ताई, मेरिटसाठी अॅडमिशन ऑफिसला लिहिताना बारावीचे अंदाजे मार्क चालतात की निकाल लागेपर्यंत थांबायचं? सराव परीक्षेत ८६ टक्के आहेत.

बॅकहँड नाशिक

काकू, थांबू नका. दहावीची मार्कशीट, अकरावीचा निकाल आणि शाळेच्या लेटरहेडवर अंदाजे मार्क, एवढ्यावर मी अर्ज केला होता. मेरिटचे पैसे बऱ्याच ठिकाणी आधी येणाऱ्यांनाच मिळतात. मेलमध्ये त्याचं यूटीआर प्रोफाइल आणि एका अख्ख्या सेटचा न कापलेला व्हिडिओ जोडा, स्लो मोशन नको, कोच वैतागतात. यादी झाली की इथे टाका, ज्या कॉलेजांविरुद्ध खेळलेय त्यांच्याबद्दल सांगते.